आधी परीक्षा द्या, मग सेट हातात घ्या

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर फोर बाय फोर घेऊन जाणाऱ्यांच्या बंपरवर हल्ली लांबलचक अँटेना डुलताना दिसतात. शनिवार-रविवारचे ट्रेक काढणाऱ्या लीडरच्या खांद्याला काळा चिनी वॉकी-टॉकी अडकवलेला असतो. मला डोंगरात भेटलेल्या अशा लोकांपैकी बहुतेकांकडे तो सेट वापरण्याचा परवाना नसतो. परवाना लागतो हे त्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊकही असते. विचारले की ठरलेले उत्तर येते, "जंगलात कोण बघतंय?"

मी परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक आहे, डोंगरात फिरतो, आणि या उत्तराची मला मनस्वी चीड आहे. विनापरवाना, न शिकता सेट बाळगणारा माणूस अडचणीच्या वेळी स्वतःच्या उपयोगाला येत नाही, आणि दुसरा कोणी अडचणीत असेल तर त्याच्या हाकेच्या आड येतो. हौस, आवड, सुरक्षितता असली गोंडस नावे देऊन हा प्रकार झाकण्याचे दिवस संपले पाहिजेत.

आधी हा सेट काय चीज आहे ते समजून घेऊ. सगळ्यात जास्त खपणारा जो स्वस्त हँडसेट आहे, तो १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांत कुठेही बोलू शकतो. आपल्या देशात हॅमना त्यातला फारच थोडा भाग दिलेला आहे: १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८. उरलेल्या विस्तारात पोलीस, वनखाते, अग्निशमन दल आणि रेल्वे यांचे संदेश चालतात. समुद्रातल्या बोटींचा संकटकाळचा सोळा क्रमांकाचा चॅनेल १५६.८ मेगाहर्ट्झवर आहे, तोही याच पट्ट्यात. सेट विकत घेणाऱ्याला यातले काही सांगितले जात नाही. तो मनाला येईल तो आकडा दाबतो, पलीकडून मित्राचा आवाज आला की खूश होतो आणि ती फ्रिक्वेन्सी आपली झाली असे धरून चालतो. तिथे आधीपासून कोण बोलत होते याचा त्याला पत्ता नसतो. रात्री वणवा विझवायला गेलेल्या वनरक्षकाच्या कानात याच्या मिसळपावाच्या गप्पा घुसत असतील, ही शक्यता त्याच्या मनालाही शिवत नाही.

कायदा याबाबत कधीच संदिग्ध नव्हता. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेसुद्धा १९३३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ उपकरण बाळगायला परवानगी लागतेच. तरीही वर्षानुवर्षे हे सेट ऑनलाइन बाजारात खेळण्यांच्या शेजारी विकले गेले. फ्रिक्वेन्सीचा उल्लेख नाही, परवान्याची सूचना नाही. अखेर मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तेरा डिजिटल विक्री मंचांना नोटिसा काढल्या आणि पाठोपाठ मार्गदर्शक तत्त्वे आली. बैल गेला आणि झोपा केला. तोवर हे सेट घरोघर पोहोचले होते.

विक्रेत्याला दोष देऊन ग्राहकाची सुटका होत नाही. या गाड्या घेऊन फिरणारी मंडळी काही अडाणी नाहीत. कुठल्या टायरमध्ये किती हवा ठेवायची, विंचचा दोर किती टनांचा घ्यायचा, स्नॉर्कल कुठल्या कंपनीचे बसवायचे, यावर ते तासन्‌तास वाद घालतात. गाडीवर लाखो रुपये खर्च करतात. त्या खर्चापुढे परवान्याची फी नगण्य आहे. खर्च करायचा तो डोक्याचा, काही आठवड्यांच्या अभ्यासाचा. नेमका तोच त्यांना नको असतो.

आणि परीक्षा तरी केवढी? रिस्ट्रिक्टेड ग्रेडसाठी मोर्स लागत नाही. बारा वर्षांचे मूलही बसू शकते. ओहमचा नियम, अनुनाद, अँटेना, लहरी कशा जातात, बोलायची पद्धत आणि नियम एवढा अभ्यासक्रम आहे. उत्तीर्ण झालात की व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हवेतले ओळखचिन्ह मिळते. मोर्स शिकून जनरल ग्रेड काढलीत तर व्हीयू२. शाळकरी मुले देतात ती परीक्षा, आणि स्वतःच्या ताफ्याची जबाबदारी घेतो म्हणणारा पन्नाशीचा गृहस्थ म्हणतो की वेळ नाही. वेळ नसेल तर जबाबदारीही घेऊ नये.

याहून संतापजनक प्रकार पैसे घेऊन ट्रेक आणि ऑफ-रोड सहली काढणाऱ्यांचा. माणशी शुल्क घ्यायचे, जाहिरातीत 'वायरलेस संपर्काची सोय' असे लिहायचे, आणि हौशी रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर धंद्याचे निरोप द्यायचे. हौशी सेवेची आंतरराष्ट्रीय व्याख्याच अशी आहे की ती स्वशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक प्रयोगांसाठी असते, आर्थिक लाभाचा हेतू तिच्यात नसतो. म्हणजे यांच्यापैकी कोणी परवाना काढला तरी गिऱ्हाइकांच्या गाड्या हाकायला तो वापरता येणार नाही. धंदा करायचा तर व्यावसायिक वापराचा परवाना आणि त्याची फ्रिक्वेन्सी घ्या. गिऱ्हाइकाकडून सुरक्षिततेचे पैसे घ्यायचे आणि ती सुरक्षितता फुकटात दुसऱ्याच्या हक्काच्या जागेतून उचलायची, याला मराठीत फसवणूक म्हणतात.

यावर एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: "उद्या कोणी दरीत पडला तर जीव वाचवायचा की परवाना बघायचा?" ऐकायला बिनतोड वाटतो. पण ज्याने हा प्रश्न विचारला, त्याला मी उलट विचारतो: त्या क्षणी तुमची हाक ऐकणार कोण? तुम्ही मनाने निवडलेल्या फ्रिक्वेन्सीवर तुमच्या चार मित्रांखेरीज कोणीही नाही. ते चौघे तुमच्याबरोबर त्याच दरीत आहेत. बाहेरच्या जगात तुमचा सेट कोणी ओळखत नाही, तुमचा कॉलसाइन नाही, कुठल्या वेळी कुठे ऐकायचे हे कोणाशी ठरलेले नाही. मोबाइलला रेंज नाही म्हणून तुम्ही सेट घेतलात, आणि त्या सेटलाही पलीकडे कान नाही.

शिवाय या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर भेदून जात नाहीत. सपाट मोकळ्या जागी, छातीशी धरलेल्या सेटचे रेडिओ क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असते. आजूबाजूच्या मैदानापेक्षा शंभर मीटर उंच टेकाडावर चढलात तर तेच चाळीस किलोमीटरपर्यंत जाते. उंचीने जे साधते ते वॉट वाढवून साधत नाही. सांधण दरीच्या कातळभिंतींत उतरलेला माणूस पाच वॉटने बोलला काय आणि पन्नास वॉटने बोलला काय, पहिल्या वळणापलीकडे आवाज जाणे मुश्किल. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या धारेवर उभा असलेल्याला मात्र तोच छोटा हँडसेट दूरवरचे ऐकवतो. हे ज्याला माहीत आहे, तो दरीत उतरण्याआधी एक माणूस धारेवर बसवतो, दोन्हीकडचे निरोप पुढे सरकवायला. ज्याला माहीत नाही, तो खाली जाऊन बटण दाबत राहतो आणि वर आल्यावर सेटला शिव्या घालतो.

ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात भरलेल्या एका ऑफ-रोड मेळाव्यात मी मधल्या गाडीत बसलो होतो. सगळ्या गाड्या एकाच चॅनेलवर. चढणीवर असताना सेटमधून अचानक वायपरची खरखर आणि हिंदी गाणे ऐकू येऊ लागले. ते थांबेना. कोणाचा तरी हँडसेट सीट आणि दाराच्या फटीत अडकून त्याचे बोलायचे बटण दाबले गेले होते. अशा वेळी प्रसारण आपोआप तोडणारा टाइमर सेटमध्ये असतो. त्या बहाद्दराने तो दहा मिनिटांवर नेऊन ठेवला होता. तेवढ्यात मागच्या बाजूने एक पोरगा चिखलातून पळत वर आला. धापा टाकत म्हणाला, "काका, शेवटची गाडी ओढ्यात कलंडलीये! केव्हाचे ओरडतोय आम्ही वॉकीवर!"

त्यांचे ओरडणे आमच्यापैकी एकाच्याही कानावर आले नव्हते, आणि ते येणेच शक्य नव्हते. एफएमवर दोन सिग्नल एकदम आले की जो बलवान तोच ऐकू येतो, दुबळा पार पुसला जातो. विमाने अजूनही एएमवर बोलतात त्यामागे हेही एक कारण आहे: तिथे दोघे एकदम बोलले तर निदान गोंधळ तरी कानावर पडतो आणि दुसरा कोणी बोलतोय हे कळते. आमच्या ताफ्यात जवळच्या गाडीतल्या गाण्याने लांबच्या गाडीतल्या माणसांची हाक गिळली. कोणाला गंभीर इजा झाली नाही. आयोजकांपैकी एक जण म्हणाला, "होतं असं कधी कधी, वॉकीच आहेत शेवटी." त्या वाक्याने माझे डोके फिरले ते आजतागायत शांत झालेले नाही. यंत्राने आपले काम चोख केले होते. बटण दाबले तेव्हा ते बोलले. सेट कुठे ठेवायचा, टाइमर किती सेकंदांवर लावायचा आणि चॅनेल अडकला तर कुठल्या दुसऱ्या चॅनेलवर जायचे, हे त्यातल्या एकाही माणसाने आधी ठरवलेले नव्हते.

याच जातीचा दुसरा घोटाळा 'प्रायव्हेट टोन'चा. सेटच्या मेनूत ६७ हर्ट्झपासून वरचे बारीक टोन लावायची सोय असते. विकणारा सांगतो की टोन लावला की तुमचे बोलणे खासगी. हे साफ खोटे आहे. टोन न लावलेला कोणीही तुमचे सगळे ऐकू शकतो. उलट तुम्ही मात्र त्या टोनशिवाय आलेले काहीच ऐकत नाही. म्हणजे बाहेरच्या माणसाने त्याच फ्रिक्वेन्सीवर मदत मागितली तर तुमचा सेट मुका राहणार, आणि तिथे कोणी बोलतोय हे न कळल्यामुळे तुम्ही त्याच्या हाकेवर खुशाल बोलत राहणार. खासगीपणाच्या नावाखाली स्वतःला बहिरे करून घेणारा हा ताफा डोंगरात दुसऱ्याच्या काय कामाचा?

गाडीवर पक्का बसवलेल्या सेटची गत याहून वाईट. पन्नास वॉटचा मोबाइल सेट बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो. तो सिगारेट लायटरच्या खोबणीतून चालवायचा नसतो. थेट बॅटरीपासून, फ्यूज घालून जाड वायर ओढायची असते. १४५ मेगाहर्ट्झची पाव-तरंग अँटेना साधारण अर्ध्या मीटरची, आणि तिला खाली तेवढाच पसरलेला धातूचा पत्रा लागतो. लोखंडी टपाच्या मधोमध ती बसवली तर चारी दिशांना नीट बोलते. कापडी किंवा फायबरच्या टपाच्या जीपला वर पत्राच नसतो, मग अँटेना बंपरच्या कोपऱ्यावर जाते. तिथे गाडीचे अख्खे धूड तिच्या आड येते. एका बाजूला बरे ऐकू येते, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अँटेनाचा मेळ मीटरने तपासला नसेल तर शक्ती उलटी फिरून सेटमध्ये येते, तो तापतो आणि एक दिवस जळतो. हे सगळे त्या परीक्षेच्या पुस्तकात आहे. जो ते वाचत नाही, त्याची अँटेना फोटोत चांगली दिसते, एवढाच तिचा उपयोग.

शिकलेल्या माणसाच्या हातात हाच छंद काय करू शकतो, ते पाहा. दरीत हँडसेट निकामी ठरला तर हॅम ७ मेगाहर्ट्झवर जातो. साधारण वीस मीटर तार, मधोमध केबल जोडलेली, दोन झाडांमध्ये माणसाच्या डोक्यापेक्षा थोडी उंच आडवी बांधायची. इतकी खाली बांधल्याने ती लहर जवळजवळ सरळ वर फेकते. दिवसा, आयनमंडलाची साथ असेल तर, ती तिथून परतून भोवतालच्या काहीशे किलोमीटरवर पावसासारखी उतरते. मधला डोंगर आड येत नाही, कारण लहर डोंगरावरून आलेली असते. कड्याच्या पायथ्याच्या वाडीतून पुण्याशी बोलायला रिपीटर लागत नाही, टॉवर लागत नाही, उपग्रह लागत नाही. एक तार, एक सेट, एक बॅटरी आणि लहरीचा स्वभाव जाणणारा माणूस लागतो. पहिल्या तीन गोष्टी पैसे टाकून मिळतात.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला हॅम मोहिमेवर होत्या. अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला आणि मोहिमेसाठी लावलेल्या त्याच सेटवरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोप पोहोचवायला सुरुवात केली. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात आणि २००१ च्या भूजच्या भूकंपातही हॅम मदतीला धावले. ही माणसे संकट आल्यावर सेट उघडून मेनू शोधत बसली नव्हती. रोज बोलण्याचा सराव होता, निरोप मोजक्या शब्दांत सांगायची आणि तसाच उतरवून घ्यायची सवय होती, कधी गप्प राहायचे हे माहीत होते. त्या सरावाच्या वाट्याला न जाता आणीबाणीच्या नावाखाली सेट मिरवणाऱ्यांनी त्यांच्या कामाचा दाखला तोंडी घेऊ नये.

आपल्या डोंगरांना या सरावाची किती गरज आहे, ते मी नव्याने सांगायला नको. ३० जुलै २०१४ रोजी माळीण डोंगराखाली गाडले गेले, तेव्हा गाव जागेवर नाही हे तिथे गेलेल्या एसटीच्या चालकाच्या लक्षात आले आणि मग जगाला कळले. जुलै २०२३ मध्ये दरड कोसळलेल्या इर्शाळवाडीला यंत्रे चढू शकली नाहीत, माणसे पायी चढली. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक पावसात, रात्री, पदरमोड करून दऱ्यांत उतरतात. अशा वेळी ज्याच्याकडे सेट आहे, तो वापरायचे ज्ञान आहे आणि कायदेशीर कॉलसाइन आहे, असा माणूस प्रत्येक तालुक्यात असायला हवा. दर शनिवारी या तालुक्यांतून अँटेना लावलेल्या गाड्यांच्या रांगा जातात आणि त्यातली जवळपास एकही त्या कामाची नसते. हे मला लाजिरवाणे वाटते.

सरकारचीही मी गय करणार नाही. परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना हातात पडेपर्यंत महिनोन्‌महिने जातात, ही हॅम मंडळींची जुनी आणि रास्त तक्रार आहे. अभ्यास करणाऱ्याला ताटकळत ठेवायचे आणि विनापरवाना वापरणाऱ्याकडे बघायचेच नाही, अशाने प्रामाणिकपणाची किंमत वाढते आणि बेशिस्त स्वस्त होते. दुसरे असे की ४०० ते ५२० मेगाहर्ट्झमध्ये सामान्य प्रवाशाला परीक्षेविना वापरता येईल असा दमदार पट्टा आपल्याकडे नाही. ऑस्ट्रेलियात ४७७ मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड आहे: पाच वॉट, ऐंशी चॅनेल, परीक्षा नाही. त्यातले पाच आणि पस्तीस हे चॅनेल फक्त आणीबाणीसाठी राखलेले. अमेरिकेत ३५ डॉलर भरून अख्ख्या कुटुंबाला दहा वर्षांचा जीएमआरएस परवाना मिळतो. आपल्याकडे ४४६ ते ४४६.२ मेगाहर्ट्झ परवानामुक्त आहे, पण अर्ध्या वॉटपुरते. उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रे विनापरवानगी चालत नाहीत. ती खिशात सापडली म्हणून गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना अडवले गेले आहे. २६/११ नंतरची सुरक्षेची चिंता मला समजते. पण डोंगरात जाणाऱ्या सामान्य माणसाला कायदेशीर आणि पुरेसे साधन देणे हीही सुरक्षाच आहे. आणीबाणीचे राखीव चॅनेल असलेला पाच वॉटचा खुला पट्टा आपल्याकडे झालाच पाहिजे.

सरकारची ही ढिलाई मान्य केली, तरी तिच्या आडोशाला लपायची मुभा कोणालाही मिळत नाही. ताफ्यातल्या दोन गाड्यांनी एकमेकींना "पुढे खड्डा आहे" सांगायला ४४६ वरचा अर्धा वॉट पुरतो. तो सेट आजही कायदेशीर मिळतो. घेताना शासनमान्यतेचा उल्लेख आणि फ्रिक्वेन्सी वाचून घ्या. परीक्षा नको असेल त्याने तो घ्यावा आणि समाधानी राहावे. त्याला माझा सलामच असेल, कारण तो दुसऱ्याच्या जागेत घुसत नाही.

ऑफ-रोड क्लब आणि ट्रेकिंग संस्थांकडे माझी मागणी स्पष्ट आहे. नोंदणीच्या वेळी वाहन परवाना आणि विमा तपासता, तसा हौशी रेडिओचा परवाना तपासा. नसेल तर सेट बंद करायला लावा. विरंगुळ्याच्या ताफ्यातही हौशी पट्ट्यावर बोलणारा प्रत्येक जण परवानाधारक हवा, बाकीच्यांच्या हाती ४४६. निघण्याआधी मुख्य आणि पर्यायी चॅनेल कागदावर लिहून द्या. टाइमर एक मिनिटावर लावा, टोन काढून टाका. ठरावीक वेळी सगळ्यांनी गप्प राहून ऐकायचे, हा नियम करा. दरीत उतरताना धारेवर माणूस ठेवा. हॅम क्लबांनीही आपल्या खोलीत बसून नाके मुरडणे सोडावे, या मंडळींसाठी वर्ग घ्यावेत, त्यांना परीक्षेला बसवावे. आणि पैसे घेऊन सहली काढणाऱ्यांनी हौशी फ्रिक्वेन्सी आजच्या आज सोडावी. त्यांच्यासाठी वेगळा परवाना आहे, तो काढण्याइतके शुल्क ते नक्कीच वसूल करतात.

बाकी प्रत्येकाला एकच सांगणे. पुढच्या पावसाळ्याच्या आत परीक्षेचा अर्ज भरा, अभ्यास करा, कॉलसाइन मिळवा आणि मग अभिमानाने अँटेना लावा. मी स्वतः तुम्हाला पहिला कॉल देईन. हे करायचे नसेल तर ती अँटेना उतरवा, सेट बंद करा आणि फ्रिक्वेन्सी मोकळी सोडा.